सायकल विसरत नाही, घोटाळा तिथेच होतो: परदेशात, उतारवयात, महामारीत सायकल चालवताना या चुका टाळा

सायकल एकदा आली की जन्मात विसरत नाही, असं म्हणतात. तेवढ्याच भरवशावर मी वयाच्या 66 व्या वर्षी तळघरात धूळ खात पडलेली सायकल बाहेर काढली. 2020 चा मार्च संपत आला होता. जागतिक आरोग्य संघटनेने 11 तारखेला महामारी जाहीर केली होती, पोहण्याचा तलाव बंद होता, आमचा व्यायामाचा गट बंद होता आणि बसमध्ये चढायची भीती वाटत होती. सायकलवर टांग टाकली आणि तोल लगेच सापडला. पंधराव्या मिनिटाला पडले.

शरीर सायकल विसरत नाही हे खरं. पण ते तोलाबरोबर आणखीही बरंच लक्षात ठेवतं. आधीच्या देशातली रस्त्याची बाजू, जुने ब्रेक, पस्तिशीतला दम, सगळं. पुढच्या बहुतेक चुका या आठवणीतून झालेल्या आहेत. काही माझ्या, काही माझ्यासारख्याच परदेशी म्हातारपण काढणाऱ्या ओळखीच्यांच्या.

ब्रेक कुठला कुठल्या चाकाचा, हे न तपासणं

छोटा उतार होता. खाली एक गृहस्थ कुत्रा फिरवत होते. ते रस्त्याच्या या कडेला, कुत्रा त्या कडेला आणि मधे ताणलेली दोरी. मी डावा ब्रेक चांगला जोरात दाबला, कारण डावा म्हणजे मागचा हे माझ्या हाताला पक्कं ठाऊक होतं. तो निघाला पुढचा. मागचं चाक उचललं गेलं, छाती हँडलवर आदळली आणि मी कुंपणाच्या झुडपात. कुत्र्याला काही झालं नाही.

साधारणपणे जिथे वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, तिथे उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. जिथे उजव्या बाजूने चालतात, तिथे बहुतेक वेळा उलटं. अपवाद आहेत, म्हणून नियमावर विसंबू नका. सायकल हातात धरून चार पावलं चाला, एकेक ब्रेक दाबा आणि कुठलं चाक अडतं ते बघा. पुढच्या ब्रेकवर रंगीत चिकटपट्टी लावा. मी लाल लावली आणि पहिले पंधरा दिवस निघण्याआधी तिच्याकडे बघून मोठ्याने ‘पुढचा’ म्हणत असे. शेजाऱ्यांना काय वाटलं असेल ते असो. केबलचे ब्रेक असतील तर दुकानात त्यांची अदलाबदल करून मिळते, पण उसनी सायकल चालवायची वेळ आली की पुन्हा तोच गोंधळ. त्यापेक्षा हाताला नवी सवय लागलेली बरी.

नेदरलँड्स आणि जर्मनीकडच्या पुष्कळ साध्या सायकलींना पायाचा ब्रेक असतो. पेडल उलटं फिरवलं की मागचं चाक थांबतं. सिग्नलला उभं राहून पेडल मागे फिरवत पाय सोयीच्या जागी आणायची ज्यांना खोड आहे, त्यांची इथे पंचाईत होते. थांबण्याआधीच पेडल हवं त्या जागी येईल असा अंदाज बांधावा लागतो. तो मोकळ्या मैदानात बांधा, चौकात नको.

मान चुकीच्या बाजूला वळणं

रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघायचं की डावीकडे, हे आपण विचार करून ठरवत नाही, मानच ठरवते. उजवीकडून वाहतूक चालते तिथे सायकल रस्त्याच्या मध्याकडे घेताना डाव्या खांद्यावरून मागे बघायचं असतं. साठीनंतर मान तेवढी वळतच नाही, आणि जोर करून वळवली तर हँडलही तिच्याबरोबर वळतं. हँडलला छोटा आरसा लावा, जी बाजू वाहनांची त्या बाजूला. उभ्या गाड्यांपासून एका दाराएवढं अंतर सोडून चालवा. लॉकडाऊनमध्ये रस्ते रिकामे होते, तरी गाडीचं दार उघडायला एकच माणूस पुरतो. आणि रिकाम्या रस्त्यावर उरलेल्या गाड्या भरधाव जात होत्या.

पाय टेकावेत म्हणून सीट खाली घेणं

ही चूक जवळजवळ प्रत्येकजण करतो. पडायची भीती असते, म्हणून बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली आणतात. चार दिवसांनी गुडघा कुरकुरायला लागतो आणि दोष वयाला देऊन सायकल परत तळघरात जाते. दोष बऱ्याचदा सीटचा असतो.

भिंतीला हात टेकून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा हलकासा बाक राहतो. यातूनही दुखलंच, तर कुठे दुखतं ते नीट बघा. वाटीच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, गुडघ्यामागे दुखत असेल तर वर. दर वेळी अर्धा सेंटिमीटरच हलवा आणि दोन-तीन फेऱ्या होऊ द्या. हाताच्या बोटांना, विशेषतः करंगळीला, मुंग्या येत असतील तर अंगाचा भार हातांवर पडतोय. सीटचं नाक खाली झुकलंय का ते बघा, हँडल थोडं वर घ्या. बसण्याच्या जागी बधिरपणा आला तर तो अजिबात अंगावर काढू नका. सीट सपाट करा, दर दहा मिनिटांनी क्षणभर पेडलवर उभं राहा, तरी थांबला नाही तर सीट बदला.

मग थांबायचं कसं? सीटवरून पुढे उतरून. वेग कमी झाला की एका पेडलवर भार द्या, सीट सोडा आणि दुसरा पाय जमिनीवर ठेवा. दांडीवरून पाय टाकणं जड जात असेल तर मधली दांडी खाली असलेली सायकल घ्या. तिला बायकांची सायकल म्हणणारे पुरुष मी पाहिले आहेत. त्यातल्या एकाचा पाय दांडीत अडकून मनगट मोडलं आणि हिवाळाभर त्याला चहाचा कपही दुसऱ्याने धरून द्यावा लागला. विजेची सायकल चढावर वरदान आहे, पण तिचं वजन सहज 20 किलोच्या पुढे जातं. चढता-उतरताना ती कलली की सावरत नाही.

भलत्याच देशाचे नियम पाळणं

रोज संध्याकाळी दोन-तीन देशांतून फोन यायचे आणि प्रत्येकजण आपल्याकडचा नियम मला सांगायचा. एका भाचीच्या मते मी बाहेर पडणं हा गुन्हा होता, दुसऱ्या नातेवाइकाच्या मते मी उगाच घाबरत होते. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. 2020 च्या त्या वसंतात ब्रिटनमध्ये दिवसातून एकदा व्यायामाला बाहेर पडता येत होतं आणि त्यात सायकल बसत होती. फ्रान्समध्ये घरापासून एक किलोमीटर आणि एक तास एवढीच मुभा, तीही सही केलेला कागद खिशात ठेवून. स्पेनमध्ये आधी व्यायामासाठी बाहेर पडायलाच बंदी होती. 2 मेपासून मोकळीक मिळाली ती वेळा वाटून, सत्तरीच्या वरच्यांना सकाळी 10 ते 12 आणि संध्याकाळी 7 ते 8.

म्हणून नियम बघायचा तो जिथे आपलं चाक फिरतंय तिथल्या प्रशासनाचा, त्याच दिवशीचा आणि वयाची अट वाचून. भाषा अडत असेल तर शेजाऱ्याला विचारा. नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेला फोटो कुठल्या शहराचा, कुठल्या आठवड्याचा, हे पाठवणाऱ्यालाही माहीत नसतं.

पस्तिशीच्या दमाने निघणं

जाताना वारा पाठीशी होता, म्हणून मी मजेत नऊ किलोमीटर गेले. येताना तोच वारा तोंडावर. शेवटचे दोन किलोमीटर सायकल हातात धरून चालत आले. तेव्हापासून निघताना वाऱ्याच्या विरुद्ध जाते आणि ठरलेल्या वेळेचा अर्धा भाग संपला की, पाय कितीही हलके असोत, वळते. इस्पितळं भरलेली असताना घरापासून लांब थकून पडण्यात शहाणपण नाही.

220 मधून वय वजा करून नाडीची मर्यादा काढतात. माझी तेव्हा 154 यायची. पण रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी औषधामुळेच चढत नाही, त्यामुळे घड्याळावरचा आकडा बघून ‘अजून खूप दम आहे’ असं समजणं धोक्याचं. त्यापेक्षा बोलून बघा. पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं तर वेग ठीक, दोन शब्दांवर धाप लागली तर गिअर हलका करा. पाय भराभर आणि हलके फिरू द्यात, जड गिअर रेटू नका. पाणी तहान लागायच्या आधी प्या, कारण वयानुसार तहान उशिरा कळते. लघवीची गोळी चालू असेल तर जास्तच सांभाळा.

जोरात चालवताना मास्क घालू नका, असा जागतिक आरोग्य संघटनेचा तेव्हा सल्ला होता. घामाने मास्क भिजतो आणि श्वास अडतो. गर्दी टाळणं आणि अंतर राखणं हाच इलाज होता. मास्क खिशात मात्र असायचा, पंक्चर झालं तर दुकानात जावं लागायचंच.

ताप गेला म्हणजे बरं झालो, असं समजणं

यादीतली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आमच्यातले एकजण कोविडमधून उठले आणि चाचणी निगेटिव्ह आली त्याच आठवड्यात नेहमीची टेकडी चढून आले. त्या दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवेना.

लक्षणं पूर्ण गेल्यानंतर किमान 7 दिवस जाऊ द्या. मग आधी चालणं, तेही सपाटीवर. ते पचलं तर दहा-पंधरा मिनिटं सायकल. छातीत दुखणं, धडधड, घेरी, नेहमीपेक्षा जास्त धाप, यातलं काहीही झालं तर थांबा आणि डॉक्टरांना गाठा. हृदयाचं दुखणं असलेल्यांनी आणि इस्पितळात राहून आलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवातच करू नये. श्रमानंतर एक-दोन दिवसांनी गळून जायला होत असेल तर रोज थोडं वाढवत नेण्याचा हट्ट उपयोगाचा नाही, उलट त्याने बिघडतं.

घरातली सायकल निरुपद्रवी समजणं

घरात जागच्या जागी फिरवायच्या सायकलवर वारा लागत नाही, म्हणून अंग रस्त्यापेक्षा लवकर तापतं. पंखा लावा, खिडकी उघडा. शेवटची पाच-सात मिनिटं हळू फिरवा. एकदम उतरलं तर पायात साचलेलं रक्त वर यायला वेळ लागतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

आणि सायकल म्हणजे सगळा व्यायाम नव्हे. तिच्यावर अंगाचा भार हाडांवर पडत नाही, त्यामुळे हाडं मजबूत व्हायला चालणं आणि थोडं वजन उचलणं लागतंच. आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रम, आणि पासष्टीनंतर त्यात तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम तीन दिवस, असं जागतिक आरोग्य संघटनेची 2020 अखेरची मार्गदर्शक सूचना सांगते. मी दात घासताना एका पायावर उभी राहते. बेसिन धरून.

खिशात फक्त किल्ली घेऊन निघणं

परदेशात रस्त्यात पडलो तर आपल्याबद्दल सांगणारं कुणी जवळ नसतं, आणि घाबरल्यावर दुसऱ्या भाषेतले शब्द पळून जातात. माझ्या खिशात एक कार्ड असतं. नाव, पत्ता, गोळ्यांची नावं, विम्याचा क्रमांक आणि जवळच राहणाऱ्या एका माणसाचा फोन, सगळं स्थानिक भाषेत. आधी मी मुलाचा नंबर लिहिला होता, तो नऊ तासांच्या अंतरावर झोपलेला असतो. आता शेजारणीचा आहे, घराची दुसरी किल्लीही तिच्याकडेच असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते कार्डावर सगळ्यात वर, ठळक लिहा. अशा माणसाच्या डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी लगेच इस्पितळात जायचं असतं, आणि ते उचलणाऱ्याला कळायला हवं.