छोटी अवतरणे आणि एचटीएमएलचा ‘क्यू’ टॅग

पुण्याच्या इतिहासावरील वेबपानात लोकमान्य टिळकांचे ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे’ हे उद्गार परिच्छेदाच्या ओघातच द्यायचे असतील, तर त्यांच्यासाठी एचटीएमएल या वेबपाने लिहिण्याच्या भाषेत ‘क्यू’ (q) हा टॅग, म्हणजे मजकुराच्या दोन्ही बाजूंना लिहायची खूण, आहे. स्वतंत्र परिच्छेद व्यापणाऱ्या उताऱ्यासाठी मात्र ‘ब्लॉककोट’ वापरावा.

‘क्यू’ लावल्यावर अवतरणचिन्हे आपण टाइप करायची नसतात, कारण ती ब्राउझर स्वतः घालतो. टॅगही लावला आणि चिन्हेही टाइप केली, तर ती पानावर दोनदा उमटतात. ही चूक फार आढळते. इंटरनेट एक्सप्लोरर सातव्या आवृत्तीपर्यंत चिन्हे घालत नसे, त्यामुळे ती हाताने देण्याची सवय अनेकांना लागली. २००९ साली आलेल्या आठव्या आवृत्तीपासून ते कारण उरलेले नाही.

कोणती चिन्हे उमटावीत, हे पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेतील ‘कोट्स’ या प्रॉपर्टीने ठरते. तिथे आधी दुहेरी चिन्हांची आणि मग एकेरी चिन्हांची जोडी लिहावी, म्हणजे एका ‘क्यू’मध्ये दुसरा ‘क्यू’ आला, की आतल्या अवतरणाला मराठी छपाईच्या रिवाजाप्रमाणे एकेरी चिन्हे आपोआप मिळतात. पानाची भाषा मराठी असल्याचे ‘लँग’ या ॲट्रिब्यूटमध्येही (टॅगच्या आत लिहायच्या जादा माहितीत) नोंदवावे.

मूळ मजकूर वेबवर असेल, तर त्याचा पत्ता ‘क्यू’च्या ‘साइट’ (cite) ॲट्रिब्यूटमध्ये देता येतो. तो पानावर दिसत नाही, म्हणून वाचकासाठी स्रोताचा उल्लेख वाक्यातही करावा. याच नावाचा ‘साइट’ टॅग वेगळा असून तो पुस्तक, लेख अशा कृतीच्या शीर्षकासाठी आहे. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हे १८९७ मधील ‘केसरी’च्या अग्रलेखाचे शीर्षक आहे, त्याचा शीर्षक म्हणून उल्लेख करताना ‘साइट’ टॅग योग्य, त्या अग्रलेखातील एखादे वाक्य उद्धृत करताना ‘क्यू’ योग्य. एखाद्या शब्दाकडे केवळ लक्ष वेधायचे असेल, तर तिथे ‘क्यू’ अजिबात लावू नये.

चिन्हे हाताने टाइप करून टॅग न लावणे हेही एचटीएमएलच्या नियमांना धरूनच आहे, आणि काही ठिकाणी मी तोच मार्ग सुचवेन. ब्राउझरने घातलेली चिन्हे मूळ मजकुराचा भाग नसतात. क्रोममध्ये वाक्य निवडून कॉपी केले, तर ती मागे राहतात. व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलेल्या परिच्छेदात मग टिळकांचे शब्द कुठे संपले आणि लेखकाचे कुठे सुरू झाले, हे वाचणाऱ्याला कळत नाही. ज्या पानावरचा मजकूर लोक असा उचलून नेणार आहेत, तिथे चिन्हे टाइपच करावीत.