रोजच्या वापरासाठी डिझेल फोर बाय फोर: पुणेकर कुटुंबाने निवड कशी करावी

ज्या पुणेकर कुटुंबाचे गाव मुळशीत, मावळात किंवा राजगड तालुक्यात, म्हणजे पूर्वीच्या वेल्ह्यात आहे, त्या घरात गाडी बदलण्याची वेळ आली की डिझेल फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देणाऱ्या गाडीचा, विषय निघतोच. आमच्या घरी तो दोनदा निघाला. पहिल्या वेळी आम्ही गावाकडच्या शेवटच्या दीड किलोमीटरच्या चिखलाच्या चढाकडे पाहून गाडी घेतली आणि तिथेच चूक झाली, कारण त्या चढावर गाडी वर्षातून जेमतेम वीस दिवस जात होती आणि उरलेले दिवस ती कोथरूडमध्ये घर, शाळा आणि चार किलोमीटरवरचे कार्यालय एवढ्याच फेऱ्या मारत होती. आठव्या महिन्यात डॅशबोर्डवर डीपीएफचा, म्हणजे काजळीच्या फिल्टरचा, दिवा लागला आणि पुढे तो वारंवार लागू लागला. दोष गाडीचा नव्हता, आमच्या निवडीचा होता. म्हणून या लेखात गाड्यांच्या नावांआधी कुटुंबाच्या वापराचा विचार केला आहे.

शोरूममध्ये पाऊल टाकण्याआधी एक महिनाभर एका वहीत प्रत्येक फेरीची नोंद करावी. किती किलोमीटर झाले, गाडीत किती माणसे होती, त्यांत साठीच्या पुढचे कोण आणि लहान मूल कोण, रस्ता डांबरी होता की कच्चा, आणि इंजिन गरम झाल्यावर गाडी सलग पंधरा-वीस मिनिटे न थांबता धावली का, एवढे लिहिले तरी पुरे. या नोंदींतला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच बहुतेक जण विचारात घेत नाहीत.

डिझेल तुमच्यासाठी आहे का

1 एप्रिल 2020 पासून देशात वाहनांच्या धुराचे बीएस-6 निकष लागू झाले आणि त्यानंतरच्या डिझेल मोटारींच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर आला. यालाच डीपीएफ म्हणतात. अडवलेली काजळी फिल्टरमध्येच जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी साधारण 550 ते 600 अंश सेल्सिअस तापमान लागते. बाह्यवळण मार्गावर गाडी एका लयीत धावत असेल तर हे काम चालकाच्या नकळत पार पडते. कर्वे रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या आणि दहा मिनिटांत बंद होणाऱ्या गाडीत मात्र ते अर्धवट राहते. इंजिन जादा डिझेल सोडून तापमान वाढवण्याचा प्रयत्न करते, तोवर आपण शाळेच्या फाटकाशी पोहोचून किल्ली फिरवलेली असते. असे वारंवार झाले की फिल्टर तुंबतो आणि काही इंजिनांमध्ये न जळलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ते पातळ होते. म्हणून डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर समाधान न मानता सर्व्हिस सेंटरला दाखवावे.

ज्यांची रोजची फेरी पाच-सहा किलोमीटरची आहे आणि आठवड्यातून एकदाही गाडी महामार्गावर जात नाही, त्यांनी डिझेल घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, मग फोर बाय फोरची ओढ कितीही असो. ज्यांचा रस्ता चांदणी चौकातून बाह्यवळण मार्गाने वाकडकडे किंवा सातारा रस्त्याने खेड शिवापूरकडे जातो, किंवा जे दर शनिवारी गावी जातात, त्यांच्यासाठी डिझेल योग्य ठरते. डीपीएफचा दिवा लागलाच तर गाडी बंद न करता मोकळ्या रस्त्यावर साधारण 50 ते 60 किलोमीटर वेगाने, किंचित खालच्या गिअरमध्ये वीसेक मिनिटे चालवावी. नेमकी पद्धत त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. काही गाड्यांना यासोबत अ‍ॅडब्लू हे 32.5 टक्के युरियाचे द्रावणही लागते, त्यामुळे ते लागते का, त्याची टाकी केवढी आहे आणि ते घराजवळ कुठे मिळते, हे आधीच विचारून घ्यावे. ते पूर्ण संपल्यावर एकदा बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होत नाही आणि ताम्हिणी घाटात हे समजणे फार त्रासाचे असते.

चारही चाके, पण कोणत्या प्रकारची

फोर बाय फोर या एका नावाखाली दोन निराळ्या रचना विकल्या जातात. पहिली पार्ट-टाइम रचना. यात गाडी एरवी मागच्या दोन चाकांवर चालते आणि गरज पडली की चालक ट्रान्स्फर केसच्या, म्हणजे जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीच्या, साहाय्याने पुढची चाके जोडतो. महिंद्राची स्कॉर्पिओ-एन, थार आणि थार रॉक्स, टोयोटाची फॉर्च्युनर आणि फोर्सची गुरखा यांच्या फोर बाय फोर आवृत्त्या या प्रकारच्या आहेत. त्यांत लो रेंज (फोर-लो) असते, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोहोचण्याआधी आणखी साधारण अडीच पट वाढतो आणि गाडी माणसाच्या चालीने, क्लच न जाळता, दगडगोट्यांचा चढ चढते. उतरतानाही या लो रेंजचा पहिला गिअर गाडीला ब्रेकवर भार न टाकता रोखून धरतो. पावसात भरलेल्या गाडीने निसरडी वाट उतरण्यासाठी याहून भरवशाचे साधन मला माहीत नाही.

या रचनेची मर्यादा मात्र घरातल्या प्रत्येक चालकाने समजून घेतली पाहिजे. वळणावर पुढच्या चाकांना मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापावे लागते आणि फोर-हायमध्ये, म्हणजे लो रेंजशिवाय चारही चाके जोडलेली असताना, पुढचा आणि मागचा आस एकमेकांना जखडलेले असल्याने ती तफावत टायर घसरूनच भरून निघते. चिखलात टायर सहज घसरतो, कोरड्या डांबरावर तो घसरत नाही, आणि मग सगळा ताण ट्रान्स्फर केस व शाफ्टवर येतो. म्हणून पाऊस पडतोय एवढ्या कारणाने शहरात कोरड्या-ओल्या रस्त्यावर फोर-हाय लावून फिरू नये. स्टिअरिंग जड झाले आणि वळताना गाडी अडखळू लागली तर तो ताणाचाच इशारा असतो.

दुसरी रचना ऑल-व्हील ड्राइव्ह. यात कोणत्या चाकांना किती जोर द्यायचा हे गाडी स्वतः ठरवते, त्यामुळे ओल्या घाटात चालकाला काहीच करावे लागत नाही. जीप कंपासची डिझेल फोर बाय फोर आणि एक्सयूव्ही 700 ची ऑल-व्हील ड्राइव्ह आवृत्ती ही याची उदाहरणे. त्यांना वेगळी चासी नसून बॉडी एकसंध असते, त्यामुळे खड्ड्यांवरून जाताना हेलकावे कमी बसतात आणि मागे बसलेल्या मुलांना मळमळ कमी होते. लो रेंजचा ट्रान्स्फर केस मात्र यांत नाही, कंपासच्या नऊ गिअरच्या ऑटोमॅटिकमधला छोटा पहिला गिअर ती उणीव थोडीफार भरून काढतो. गावचा रस्ता खडीचा पण बरा असेल आणि मुख्य प्रवास घाटातला असेल, तर या प्रकाराकडे आधी पाहावे. वाट नांगरटीसारखी होत असेल तर पार्ट-टाइमच हवी. टाटांची हॅरियर आणि सफारी या पुण्याच्याच मातीतल्या डिझेल गाड्या उत्तम असल्या, तरी त्यांची डिझेल आवृत्ती केवळ पुढच्या चाकांवर चालते, हेही लक्षात ठेवावे. दिसायला दणकट असलेली प्रत्येक गाडी फोर बाय फोर नसते.

घरातली माणसे आणि सोसायटीतली जागा

आमच्या दुसऱ्या खरेदीचा निर्णय खरे तर आईच्या गुडघ्यांनी केला. आजी-आजोबा रोज बसणार असतील तर त्यांना शोरूममध्ये प्रत्यक्ष नेऊन, कोणाचा हात न धरता चार वेळा चढ-उतार करायला लावावे. पायरी आहे का, वर धरायला मूठ आहे का, आणि साडी नेसलेल्या बाईला पाय किती उचलावा लागतो, हे माहितीपत्रकात सापडत नाही. तिसऱ्या ओळीत मोठी माणसे बसणार असतील तर तिथे स्वतः अर्धा तास बसून पाहावे. सात जण बसल्यावर डिकीत गावाहून आणायचे तांदळाचे पोते मावणार का, हाही प्रश्न त्याच वेळी सुटतो. थार रॉक्समध्ये पाचच जण बसतात आणि तीन दारांच्या थारमध्ये चार, त्यामुळे सहा जणांच्या कुटुंबात पुढे हळहळ होते.

मुलांसाठी आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट गाडीला थेट अडकवण्याचे, आकडे कोणत्या आसनांवर आहेत ते पाहावे आणि आपली चाइल्ड सीट सोबत नेऊन बसवून पाहावी. सुरक्षा चाचणीचे तारे वाचताना प्रौढांचे आणि मुलांचे गुण वेगळे असतात, हे विसरू नये. स्कॉर्पिओ-एनला 2022 च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत प्रौढांसाठी पाच तारे मिळाले, पण मुलांसाठी तीन. थार रॉक्सला 2024 मध्ये भारत एनकॅपमध्ये दोन्हींसाठी पाच तारे मिळाले.

त्यानंतर मोजपट्टी घेऊन पार्किंगमध्ये जावे. पुनर्विकास झालेल्या अनेक इमारतींत आता यांत्रिक पार्किंग आहे आणि त्याचे खालचे कप्पे पुष्कळदा सेडानच्या उंचीचे असतात. कंपासची उंची 1640 मिलिमीटर, एक्सयूव्ही 700 ची 1755, फॉर्च्युनरची 1835, स्कॉर्पिओ-एनची 1857, थार रॉक्सची 1923 आणि पाच दारांच्या गुरखाची 2095 मिलिमीटर आहे. कप्प्याची उंची आणि वजनाची मर्यादा सोसायटीच्या कार्यालयातून लेखी घ्यावी. पेठांत नातेवाईक असतील तर रुंदीही मोजावी. स्कॉर्पिओ-एन 1917 मिलिमीटर रुंद आहे आणि दोन्ही बाजूंना दुचाकी लावलेल्या गल्लीत ही रुंदी दर वेळी जाणवते.

खर्चाविषयी थोडे

महाराष्ट्रात खासगी डिझेल मोटारीचा एकरकमी रोड टॅक्स दहा लाखांपर्यंत 13 टक्के, दहा ते वीस लाखांपर्यंत 14 टक्के आणि त्यापुढे 15 टक्के आहे. पेट्रोलला प्रत्येक टप्प्यावर तो दोन टक्क्यांनी कमी असतो. म्हणजे 22 लाखांच्या गाडीवर केवळ इंधनाच्या प्रकारामुळे 44 हजार रुपये जास्त जातात. कंपनीच्या नावावर पासिंग केल्यास दर 20 टक्के होतो. म्हणून एकाच गाडीच्या दोन चाकी आणि चार चाकी ड्राइव्हच्या ऑन-रोड किमती एकाच कागदावर लिहून मागाव्यात आणि तो फरक आपल्या वहीतल्या कच्च्या रस्त्याच्या दिवसांशी ताडून पाहावा. वर्षाला पाच-सहाच दिवस निघत असतील, तर मागच्या चाकांवर चालणारी तीच गाडी आणि चांगले टायर पुरतात.

अ‍ॅव्हरेजचा जो आकडा जाहिरातीत असतो तो एआरएआयचा, म्हणजे आपल्याच वेताळ टेकडीवरच्या संस्थेच्या प्रमाणित चाचणीतला असतो. शहरातल्या गर्दीत, एसी लावून, चार माणसांसह तो मिळत नाही. खर्चाचा हिशेब त्याच्या सुमारे दोनतृतीयांश धरून करावा.

विम्यात इंजिन संरक्षणाची जोड घ्यावीच. 25 सप्टेंबर 2019 च्या आंबिल ओढ्याच्या पुरात आणि 25 जुलै 2024 रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत गाड्या उभ्या जागी पाण्यात गेल्या. पाणी शिरलेले इंजिन सुरू करून पाहिल्यामुळे झालेले नुकसान साध्या पॉलिसीत सहसा भरून मिळत नाही. फोर बाय फोर पाण्यात चालते हा समज वाहत्या पाण्याच्या बाबतीत जिवावर बेतणारा आहे. पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबावे, गाडी कोणतीही असो.

चाचणी आणि ताबा

शोरूमच्या आसपासची दहा मिनिटांची फेरी चाचणी मानू नये. घरातली सगळी माणसे घेऊन सकाळच्या गर्दीत आपल्या रोजच्या रस्त्याने जावे आणि नंतर बोपदेव किंवा कात्रज घाट चढून उतरावा. गर्दीत क्लच किती जड आहे ते डाव्या पायाला कळते. घरात दोघेही गाडी चालवणार असतील तर माझ्या मते ऑटोमॅटिकसाठी जादा पैसे द्यावेत. गुरखा मात्र पाच गिअरच्या मॅन्युअलमध्येच येते. पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक, म्हणजे एका आसाची दोन्ही चाके एकत्र फिरवणारी सोय, असलेली ही गाडी कच्च्या वाटेवर अतिशय समर्थ आहे, पण कुटुंबातली ती एकमेव गाडी असू नये असे मला वाटते.

जुनी गाडी घेत असाल तर कोरड्या मातीच्या मैदानात फोर-हाय आणि फोर-लो दोन्ही लावून पाहावे, चारही टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले आहेत का ते तपासावे, आणि डीपीएफ काढून टाकलेला नाही याची खात्री वर्कशॉपमधून करून घ्यावी. बाहेरून बसवलेले बुलबार 2017 पासून बेकायदा आहेत, ते काढूनच व्यवहार करावा. कोकणात वापरलेल्या गाडीची चासी खालून गंजाच्या शोधात बोटाने चाचपावी.

नव्या गाडीचा ताबा घेताना हार-पेढ्यांच्या आधी, आवारातल्या मातीच्या तुकड्यावर फोर-लो लावून दाखवायला सांगावे आणि घरात जे जे चालवणार आहेत त्या प्रत्येकाने ते एकदा स्वतः करावे. पुढेही महिन्यातून एकदा, पावसाळा नसला तरी, एखाद्या कच्च्या रस्त्यावर पुढची चाके जोडून दोन-तीन किलोमीटर गाडी चालवावी, म्हणजे आतल्या भागांना तेल पोहोचते आणि जूनमध्ये पहिल्या चिखलात दिवा नुसताच लुकलुकत राहत नाही. ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचे ऑइल कधी बदलायचे, त्याचे किलोमीटर पुस्तिकेतून उतरवून सर्व्हिसच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत, कारण नेहमीच्या सर्व्हिसच्या यादीत ते पुष्कळदा आपण विचारल्याशिवाय येत नाही.