जँगोमध्ये आयसोलेशन लेव्हल कशी ठरवावी

ट्रान्झॅक्शन म्हणजे एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारी डेटाबेसची कामे, आणि एकाच वेळी चालणारी ट्रान्झॅक्शन्स एकमेकांपासून किती अलग राहतात, ते आयसोलेशन लेव्हल ठरवते. जँगो या पायथनमधील वेब फ्रेमवर्कचे ॲप्लिकेशन पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालवताना वेगळे काही सांगितले नसेल, तर प्रत्येक ट्रान्झॅक्शन 'रीड कमिटेड' पातळीवर चालते, म्हणजे इतरांचे फक्त कमिट (कायम) झालेले बदल वाचते. कोड 'ॲटॉमिक' ब्लॉकमध्ये, म्हणजे एका ट्रान्झॅक्शनमध्ये, घातला की काम झाले, हा समज येथेच नडतो. समजा, नाटकाचे एकच तिकीट शिल्लक आहे आणि दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी आल्या. दोन्हींनी १ हा आकडा वाचला, दोन्हींनी ० लिहिला, एकच खुर्ची दोनदा विकली गेली आणि तरीही कोणतीच एरर आली नाही.

अशा ठिकाणी ती नोंद ब्लॉकच्या आतच 'सिलेक्ट फॉर अपडेट'ने, म्हणजे तिला कुलूप लावून, वाचावी, म्हणजे दुसरी रिक्वेस्ट पहिलीचे कमिट होईपर्यंत थांबते आणि मग ० वाचते. माझ्या मते बहुतेक कामांना एवढे पुरते. मात्र नियम अनेक नोंदींवर मिळून अवलंबून असेल, तर जँगोच्या सेटिंग्जमधील डेटाबेसच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'सीरियलायझेबल' पातळी ठेवावी, म्हणजे ट्रान्झॅक्शन्स एकामागून एक चालल्यासारखाच निकाल मिळतो. मग पोस्टग्रेस धोक्याचे ट्रान्झॅक्शन ४०००१ या कोडची एरर देऊन रद्द करतो. ती एरर ब्लॉकच्या बाहेर पकडून संपूर्ण ब्लॉक पुन्हा चालवावा लागतो, आणि जँगो हे आपणहून करत नाही. म्हणूनच ई-मेल पाठवण्यासारखी कामे कमिट झाल्यावरच काम चालवणाऱ्या 'ऑन कमिट'वर सोपवावीत, नाहीतर प्रेक्षकाला एकाच तिकिटाचे दोन ई-मेल जातील.