घड्याळं बदलायच्या आधी: जावाकडे वेगळं बघा

काही देशांत वर्षातून दोनदा घड्याळं तासभर पुढे-मागे करतात, त्याला डेलाइट सेव्हिंग म्हणतात. ही त्याची तयारी. सर्व्हर यूटीसीवर (जगभराची एकच प्रमाण वेळ), लॉग यूटीसीत, एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सेवा) चालू. हे असेलच, नसेल तर आजच करा. पण एनटीपीच्या भरवशावर राहू नका. ते फक्त यूटीसी सांगतं. कुठल्या देशाचं घड्याळ कधी तासभर सरकतं, ते टीझेडडेटामध्ये, म्हणजे देशोदेशीच्या वेळेच्या नियमांच्या डेटाबेसमध्ये असतं आणि सरकारं ते नियम ऐनवेळी बदलतात. मेक्सिकोने ऑक्टोबर २०२२ मध्ये देशाच्या बहुतेक भागातलं डेलाइट सेव्हिंग बंद केलं. कायदा २८ तारखेला छापून आला, ३० ला लागू.

तेव्हा मी लिनक्सचं टीझेडडेटा पॅकेज लगेच अपडेट केलं आणि काम झालं असं समजलो. जावा बघितलं नाही. जावा सहसा ते पॅकेज वाचतच नाही, जेडीकेसोबत (जावाचा मूळ संच) नियमांची स्वतःची प्रत येते. २ एप्रिल २०२३ च्या रविवारी जुन्या नियमाने आमचा जावातला शेड्युलर (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) एक तास पुढे गेला. सकाळी सहाचे रिपोर्ट मेक्सिको सिटीत पाचलाच सुटले, शेवटच्या तासाच्या नोंदींशिवाय. त्याच मशीनवर टर्मिनलमधली ‘डेट’ कमांड अचूक वेळ दाखवत होती, म्हणून मी बराच वेळ चूक भलतीकडेच शोधत बसलो.

म्हणून जावा. प्रत्येक मशीनवर, प्रत्येक कंटेनर इमेजमध्ये (अॅप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला साचा). जेडीके नवं घ्या किंवा टीझेड-अपडेटर (फक्त ही प्रत बदलणारं टूल) चालवा, आणि मग प्रोसेस रीस्टार्ट करा. चालू प्रोसेस मेमरीतलेच जुने नियम वापरत राहते. खात्री ‘डेट’वरून करू नका, जावालाच विचारा: झोनरूल्सकडून (वेळेचे नियम ठेवणारा जावाचा क्लास) मेक्सिको सिटीचं पुढचं ट्रान्झिशन, म्हणजे घड्याळ पुढे कधी सरकणार ते मागा. नल (म्हणजे काहीच नाही) आलं तर ठीक, तारीख आली तर प्रत जुनी आहे. पायथनमधलं पायटीझेड हे पॅकेजही स्वतःची प्रत बाळगतं, तेही बघा.

क्रॉनमध्ये (लिनक्सवर ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) स्थानिक वेळेने रात्री एक ते तीनमध्ये काही ठेवू नका. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी दोनचे थेट तीन होतात, त्या रात्री अडीच वाजतच नाहीत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दीड दोनदा वाजतो. काही क्रॉन हे सांभाळून घेतात, सगळे नाहीत. बिलिंग दोनदा चालल्यावर हे कळून उपयोग नाही.

पुढच्या महिन्यांतल्या अपॉइंटमेंट नुसत्या यूटीसीत साठवू नका. स्थानिक वेळ आणि झोनचं पूर्ण नाव ठेवा. नियम बदलला की यूटीसीतली नोंद चुकते, लोक मात्र दहा म्हणजे दहालाच येतात.

हाताने घड्याळ कुणीही हलवायचं नाही. कर्बेरॉस (लॉगिनची ओळख तपासणारी यंत्रणा) एरवी पाचच मिनिटांचा फरक चालवून घेतं, त्याहून जास्त झाला की लॉगिनच बंद.

युरोप: मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, यूटीसी एक वाजता. अमेरिकेशी जुळत नाही, मधल्या आठवड्यांतले कॉल तपासा. बॅकअप, अलर्ट, त्या रात्री कोण जागं राहणार, ते ठरवा. आणि आदल्या शुक्रवारी जावाला पुन्हा एकदा विचारा, मधल्या काळात कुणीतरी जुनी इमेज चढवलेली असू शकते.