रोड बाइकसाठी कमी खर्चात दुसरी फ्रेम निवडताना

चाके, गिअर आणि ब्रेक अजून चांगले चालत असतील आणि फ्रेम मात्र जड, गंजलेली किंवा अंगाला न बसणारी असेल, तर पूर्ण सायकल बदलण्यापेक्षा केवळ फ्रेम बदलणे परवडते. परंतु फ्रेमवर लिहिलेली किंमत हा खरा खर्च नसतो. निम्म्या किमतीत मिळालेल्या फ्रेममध्ये आपली चाके बसली नाहीत आणि क्रँकही (पेडल जोडलेला भाग) नवा घ्यावा लागला, तर ती महाग फ्रेमपेक्षाही महाग पडते. त्यामुळे रंग, वजन आणि कंपनीचे नाव बाजूला ठेवून आधी मोजपट्टी आणि व्हर्नियर कॅलिपर हाती घ्यावेत, आणि आपल्याकडचे कोणते भाग नव्या फ्रेममध्ये जसेच्या तसे जातील याची नोंद करावी.

सर्वांत मोठा निर्णय ब्रेकचा आहे. रिम ब्रेकच्या (चाकाची कड दाबणाऱ्या) फ्रेमला डिस्क ब्रेक (चाकाच्या मध्याजवळची चकती दाबणारे) बसवण्याची जागा नसते, आणि डिस्कच्या फ्रेमला सहसा रिम ब्रेकच्या बोल्टसाठी छिद्र नसते. रिम ब्रेककडून डिस्ककडे जायचे म्हटले की चाके बदलावी लागतात, ब्रेक बदलावे लागतात, आणि ब्रेक हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणारे) हवे असतील तर हँडलवरचे गिअर-ब्रेकचे लिव्हरही बदलावे लागतात. हा फ्रेमबदल राहत नाही, जवळजवळ नवी सायकल जोडणे होते. नव्या रोड बाइक बहुतांशी डिस्क ब्रेकच्या निघत असल्याने रिम ब्रेकच्या चांगल्या फ्रेम वापरलेल्या मालात स्वस्त मिळतात, आणि हात राखून खर्च करणाऱ्याने त्याचा लाभ अवश्य घ्यावा. मात्र ब्रेकची पोहोचही तपासावी, कारण बोल्टच्या मध्यापासून ब्रेक पॅडपर्यंतचे अंतर बऱ्याच रोड ब्रेकमध्ये ३९ ते ४९ मिलीमीटर असते, तर जाड टायर किंवा मडगार्डसाठी केलेल्या फ्रेमना ४७ ते ५७ मिलीमीटर पोहोचीचे ब्रेक लागतात.

त्यानंतर मागच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) रुंदी पाहावी. जुन्या सहा-सात गिअरच्या सायकलींत ती १२६ मिलीमीटर, आठ ते अकरा गिअरच्या रिम ब्रेक सायकलींत १३०, क्विक रिलीजच्या (चाक खटक्याने सुटणाऱ्या) डिस्क सायकलींत १३५, आणि थ्रू एक्सल (फ्रेममधून आरपार जाणारा जाड आस) असेल तर बहुधा १४२ मिलीमीटर असते. स्टीलची १२६ मिलीमीटरची फ्रेम जाणकार मेकॅनिक फाकवून १३० करू शकतो. ॲल्युमिनियम आणि कार्बनच्या बाबतीत हा प्रयोग मुळीच करू नये, कारण त्या वाकत नाहीत, तडकतात.

क्रँक जिथे बसतो त्या बॉटम ब्रॅकेटवर खरेदीदार सर्वाधिक अडतात, म्हणून इथे घाई नको. आटे असलेल्या बीएसए प्रकारात रोड फ्रेमची नळी ६८ मिलीमीटर रुंद असते आणि चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात; इटालियन प्रकारात ती ७० मिलीमीटर असून दोन्ही बाजूंचे आटे सुलटे असतात, आणि या दोहोंचे कप (बेअरिंगच्या वाट्या) एकमेकांत चालत नाहीत. प्रेसफिटमध्ये आटेच नसतात, बेअरिंग दाबून बसवलेले असते. त्यातही व्यास आणि रुंदी यांचे अनेक प्रकार आहेत. २४ मिलीमीटर दांड्याचा क्रँक योग्य कप किंवा अडॅप्टर घेऊन बहुतेक फ्रेममध्ये बसतो, पण ३० मिलीमीटर दांड्याचा क्रँक असेल तर आधी खात्री करावी. घरी सायकल खोलणाऱ्याने शक्यतो आट्यांचीच फ्रेम घ्यावी असे माझे मत आहे, कारण नळीचे माप जरा चुकलेले असले की प्रेसफिट करकरू लागते आणि तो आवाज काढण्यात फार वेळ जातो.

सीटपोस्टचा (सीट धरणाऱ्या दांड्याचा) व्यास, उदाहरणार्थ २७.२ किंवा ३१.६ मिलीमीटर, तंतोतंत जुळला पाहिजे; पुढच्या डिरेलरची (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाची) पट्टी २८.६, ३१.८ की ३४.९ मिलीमीटरची हे पाहावे. फोर्कसह (पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यासह) मिळणारी फ्रेमच घ्यावी. वापरलेल्या फोर्कची वरची नळी आधीच्या मालकाने कापलेली असते, म्हणून हेडसेट (फोर्क फिरवणारे बेअरिंग), स्पेसर (उंची वाढवणाऱ्या कड्या) आणि स्टेम (हँडल धरणारा भाग) यांना पुरेल इतकी ती उरली आहे का हे मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मापाच्या बाबतीत ५४ किंवा ५६ या आकड्यांवर विसंबू नये, कारण प्रत्येक कंपनी ते आपापल्या पद्धतीने ठरवते. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या (फोर्क जिच्यातून जातो त्या फ्रेमच्या पुढच्या नळीच्या) वरच्या टोकापर्यंतची सरळ उंची म्हणजे स्टॅक, आणि त्याच दोन बिंदूंमधले आडवे अंतर म्हणजे रीच. सध्याच्या सायकलची ही दोन मापे काढून नव्या फ्रेमच्या तक्त्याशी ताडून पाहावीत. एक-दोन सेंटीमीटरचा फरक स्टेम आणि स्पेसर बदलून भरून काढता येतो. त्याहून अधिक असेल, तर फ्रेम कितीही स्वस्त असली तरी ती सोडून द्यावी.

वजनाचा विचार शेवटी करावा. अर्धा किलो हलकी फ्रेम ऐकायला मोठी वाटते, पण स्वार आणि सायकल मिळून ८० किलो होत असतील, तर हा फरक एक टक्काही नाही. आराम तर बराचसा टायरची रुंदी आणि त्यातली हवा यांवर ठरतो, म्हणून २८ मिलीमीटरचा टायर मावणारी साधी ॲल्युमिनियमची फ्रेम, २३ च्या पुढे जागा नसलेल्या हलक्या कार्बन फ्रेमपेक्षा मला अधिक उपयोगी वाटते.

वापरलेली फ्रेम उजेडात, स्वच्छ पुसून पाहावी. हेड ट्यूब आणि बॉटम ब्रॅकेटजवळच्या जोडांवर रंगात केसासारखी रेघ दिसली तर खाली तडा असू शकतो. स्टीलमध्ये रंगाखालचे फुगे गंज दाखवतात. अपघात झालेली किंवा इतिहास माहीत नसलेली कार्बन फ्रेम स्वस्तातही घेऊ नये, कारण आतली इजा वरून दिसेलच असे नाही. फ्रेम सरळ आहे का हे पाहण्यासाठी मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा आस बसतो त्या खाचेपासून) हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत दोरी ताणावी आणि सीट ट्यूबपासून (सीटखालच्या नळीपासून) दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे. ते सारखे आले पाहिजे. सीटपोस्ट विक्रेत्यासमोरच बाहेर काढून पाहावा, कारण आत जाम झालेला पोस्ट काढताना फ्रेमच निकामी होऊ शकते. मागच्या डिरेलरचा हँगर (डिरेलर टांगण्याचा तुकडा) सुटा असेल, तर तसाच दुसरा मिळतो का हे त्याच वेळी विचारावे आणि मिळत असल्यास एक जादा घेऊन ठेवावा.