अंदमानला निघालात? मुंबईचं घड्याळ घरी ठेवा आणि या चुका टाळा

दिवाळीच्या सुमारास मुंबईतला पाऊस सरलेला असतो, ऑक्टोबर हीटने जीव नकोसा झालेला असतो, आणि घरात कुणीतरी म्हणतं, 'या वेळी अंदमान करून टाकू.' पहिली चूक इथेच होते. आपला पाऊस गेला म्हणजे बंगालच्या उपसागरातलाही गेला, असं नसतं. अंदमानात नैऋत्य मोसमी पाऊस आपल्या आधी, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पोचतो. तो ओसरला की ईशान्येकडचा पाऊस सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. चक्रीवादळांचे महिनेही तेच. डिसेंबर २०१६ मध्ये अशाच वादळी हवेत हॅवलॉक आणि नील बेटांवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली.

खरे कोरडे महिने म्हणजे जानेवारी ते एप्रिलचा मध्य. त्यातही फेब्रुवारी-मार्चला तोड नाही: समुद्र बसलेला, पाणी नितळ. पण नेमक्या त्याच दिवसांत मुलांच्या परीक्षा असतात. मग बहुतेक घरं नाताळचा आठवडा धरतात आणि दुप्पट पैसे मोजून गर्दीत जातात, नाहीतर मेच्या सुट्टीत जाऊन पहिल्या पावसाशी जुगार खेळतात. माझं मत विचाराल तर शाळेला चार दिवस दांडी मारा आणि २६ जानेवारीच्या आसपास जा. तेवढ्याने कुणाची दहावी बुडत नाही. (दहावीच असेल तर गोष्ट वेगळी.)

नावांचा घोळ

हे पटकन. २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिकिटावर एक नाव, हॉटेलच्या मेसेजमध्ये दुसरं, असं दिसलं तर घाबरू नका, जागा तीच आहे. जुनी नावं अजून सगळ्यांच्या तोंडी असल्यामुळे मीही तीच वापरतोय.

साडेपाचला सूर्यास्त संपलेला असतो

मुंबईकर अंदमानात सगळ्यात जास्त फसतात ते वेळेत. घड्याळ तेच असतं, भारतीय प्रमाणवेळ. पण अंदमान मुंबईच्या सुमारे २० रेखांश पूर्वेला आहे. एका रेखांशाला चार मिनिटं धरली तर तिथला सूर्य आपल्यापेक्षा ऐंशी मिनिटं पुढे धावतो. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासहाला मावळतो, तिथे सव्वापाचला. एप्रिलमध्येही साडेपाचच्या सुमारास खेळ खलास.

आता नेहमीचं चित्र बघा. हॅवलॉकला पोचायचं, हॉटेलात जेवायचं, दुपारची झोप काढायची, चार वाजता चहा घ्यायचा आणि 'संध्याकाळी' राधानगर किनाऱ्यावर जायचं. राधानगर पश्चिमेला तोंड करून आहे, सूर्यास्तासाठीच प्रसिद्ध आहे, आणि मुक्कामाची बरीचशी हॉटेलं बेटाच्या दुसऱ्या अंगाला आहेत. मधला रस्ता दहा-बारा किलोमीटरचा. पावणेपाचला निघालेली मंडळी पोचतात तोवर फोटो काढून परतणाऱ्या लोकांची रांग लागलेली असते. साडेतीनलाच निघा. आणि जाताना रिक्षावाल्याशी परतीचंही ठरवून ठेवा. अंधार पडल्यावर तिथे उभं राहून रिक्षा मिळेल, ही अपेक्षा अंधेरी स्टेशनबाहेर ठीक.

सकाळचं गणितही उलटं. पावणेसहाला सूर्य उगवतो, मार्च-एप्रिलमध्ये आणखी लवकर. आपण नाश्ता करून, सावकाश आंघोळ उरकून दहा वाजता वाळूवर उतरतो. तिथले दहा म्हणजे उन्हाच्या हिशेबाने मुंबईतले अकरा-वीस. मग चटके बसले की 'इथलं ऊन फार कडक' म्हणायचं. कडक आहेच, कारण पोर्ट ब्लेअर साडेअकरा अक्षांशावर आहे. आपल्याकडे सूर्य डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते ती मेच्या मध्यात. तिथे ते २० एप्रिलच्या आसपासच घडतं. उपाय एकच: उजाडताच पाण्यात, नऊच्या सुमारास सावलीत, परत दुपारी तीननंतर बाहेर. हॅवलॉकचाच काळापत्थर किनारा पूर्वेला आहे, तो पहाटेसाठी ठेवा. हॉटेलात आदल्या रात्रीच सांगितलं तर चहा-बिस्किटं लवकर मिळतात.

स्नॉर्केलिंगला उघड्या पाठीने उतरू नका. तोंड पाण्यात आणि पाठ वर, अशा अवस्थेत तासभर तरंगल्यावर रात्री पालथं झोपावं लागतं. लांब बाह्यांचा जुना टी-शर्ट सनस्क्रीनपेक्षा भरवशाचा.

भरती-ओहोटी न बघता आखलेला दिवस

नीलवरचा भरतपूर किनारा फोटोत निळाशार दिसतो. तुम्ही पोचता तेव्हा पाणी पार आत गेलेलं, समोर खडक आणि शेवाळ. 'फोटोशॉप केलंय' असं म्हणणारे भेटतात. तसं काही नसतं, ओहोटी असते. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, अंदमानात पाण्याची चढउतार त्याच्या निम्म्याच्या आसपास. पण तिथला प्रवाळाचा पट्टा सपाट आणि उथळ आहे, त्यामुळे पाणी थोडं उतरलं तरी लांबवर मागे सरतं.

याच बेटावरचा खडकाचा नैसर्गिक पूल मात्र ओहोटीलाच बघायचा असतो. भरतीला गेलात तर तिथवर चालत जाताच येत नाही. म्हणजे एकाच दिवशी भरतपूरला पाणी हवं आणि पुलापाशी नको. वेळापत्रक बघितलं तर दोन्ही जमतं: चढत्या पाण्यात भरतपूर, उतरत्या पाण्यात पूल. टूरवाल्याच्या छापील कार्यक्रमात 'सकाळी हे, दुपारी ते' असं बारा महिने तेच लिहिलेलं असतं. त्याला तुमच्या तारखेची भरती-ओहोटी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर कार्यक्रम स्वतः फिरवून घ्या.

कोकणात वाढलेली माणसं इथे एक हुशारी करतात. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ मिळते: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. हा हिशेब आपल्या किनाऱ्यासाठी बरोबर आहे, अंदमानसाठी नाही. प्रत्येक बंदराची भरतीची वेळ वेगळी असते. पोर्ट ब्लेअरचा तक्ता इंटरनेटवर मिळतो, निघण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. रोज वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते एवढं लक्षात असलं तरी अंदाज येतो. पौर्णिमा-अमावास्येला पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, पूल बघायला तेच दिवस बरे.

अमावास्येचा आणखी एक फायदा. रात्री कयाकमधून खाडीत गेलं की वल्ह्याच्या फटकाऱ्याने पाणी निळसर चमकतं. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचा हा उजेड चांदणं असलं की फिका पडतो. पौर्णिमेच्या आठवड्यात यासाठी पैसे भरू नका.

बोट

आधी हॉटेल, मग बोट, हा क्रम चुकीचा. आधी बोटीची तिकिटं मिळवा, त्यानुसार हॉटेलच्या तारखा ठरवा. जानेवारीत खाजगी बोटी भरून जातात, आणि हॅवलॉकला जायला दुसरा स्वस्त रस्ता नाही. सरकारी बोटही असते, जास्त वेळ घेते, पण डेकवर उभं राहता येतं. मला ती बंद एसी बोटीपेक्षा आवडते. ओळखपत्र मूळ न्या, तिकिटावरचं नाव त्याच्याशी जुळू द्या.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे सकाळी हॅवलॉकहून बोट आणि दुपारी पोर्ट ब्लेअरहून विमान, असं एका दिवसात बसवणं. कोरड्या महिन्यांतही वारा सुटतो, बोट उशिरा निघते, कधी रद्द होते. आपल्याकडे एक लोकल गेली तर चार मिनिटांत दुसरी येते. इथे पुढची बोट दुसऱ्या दिवशी असू शकते. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढा. सेल्युलर जेल त्याच दिवसासाठी ठेवलं तर वेळही वाया जात नाही. सावरकरांची कोठडी बघायला मराठी माणूस जातोच, पण विमानातून उतरून, पेंगुळलेल्या पोरांना ओढत जाण्यात काय अर्थ आहे? सातपैकी तीनच इमारती आता उभ्या आहेत, तरी नीट बघायला दोनेक तास हवेत. संध्याकाळच्या प्रकाश-ध्वनी कार्यक्रमाचं तिकीट आधी काढा.

बोट रद्द झालीच तर? आधी तिकीट काउंटरवर जाऊन दुसऱ्या दिवशीच्या यादीत नाव घाला, मग हॉटेलला खोली वाढवायला सांगा, शेवटी विमान कंपनीला फोन. बहुतेक लोक उलट्या क्रमाने जातात आणि फोनवर अर्धा तास ताटकळत असताना बोटीच्या जागा संपतात.

बोट लागणाऱ्यांसाठी: गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, निघण्याआधी तासभर घ्यावी लागते, आणि कोणती घ्यायची ते मुंबईतच डॉक्टरांना विचारून या, मुलांच्या बाबतीत तर नक्कीच. पुरी-भाजी चापून बोटीत बसू नका, इडली बरी. जागा मागच्या बाजूला, मधोमध मागा. मोबाईल खाली ठेवा आणि लांब क्षितिजाकडे बघा.

पाण्यात आणि पाण्याबाहेर

'मालवणला स्नॉर्केलिंग केलंय, येतं मला' असं म्हणून लाइफ जॅकेट सैल करणारे काका प्रत्येक बोटीत एक तरी असतात. पट्टे घट्ट ठेवा. प्रवाळावर उभं राहू नका. तो दगड वाटतो, पण जिवंत असतो. तुमच्या एका पावलाने मोडलेला भाग परत वाढायला वर्षं जातात. शिवाय पाय कापतो तो वेगळाच. असं कापलं तर जखम स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, आतली कच काढा, जंतुनाशक लावा. या जखमा लवकर चिघळतात, लाली वाढली तर दवाखाना गाठा. जेलीफिश डसला तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि जीवरक्षकाला हाक मारा.

मगरीचा फलक दिसला तर तो शोभेचा नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत, खाडी आणि तिवरांच्या बाजूला जास्त. जीवरक्षक जिथे आहेत तिथेच आणि उजेड असेपर्यंतच पाण्यात उतरा.

स्कूबा शेवटच्या दिवशी ठेवू नका. डायव्हिंग आणि विमान यांत चोवीस तासांचं अंतर राखा, नाहीतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर त्रास देतो. पोहता येत नसलं तरी शिकाऊ डाइव्ह करता येते. दमा, कानाचं दुखणं, बीपी असेल तर फॉर्मवर खरं लिहा. सर्दी असताना तर जाऊच नका.

वाळूतल्या बारीक माश्या संध्याकाळी पिंढऱ्या फोडून काढतात. खाजवलं की आठवडाभर पुरतं. अंधारून आल्यावर वाळूवर बसायचंच असेल तर लांब पायजमा घाला.

कोरड्या महिन्यांची दुसरी बाजू म्हणजे गोड्या पाण्याची टंचाई. एप्रिलकडे पोर्ट ब्लेअरमध्येही नळाला रोज पाणी नसतं, बेटांची भिस्त विहिरी आणि झऱ्यांवर. हॉटेलात शॉवर बारीक आला म्हणून मॅनेजरवर खेकसण्याआधी आपल्याकडचे मेमधले टँकर आठवा. रोख रक्कम थोडी जास्त जवळ ठेवा. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आली, इंटरनेट बरंच सुधारलं, पण हॅवलॉकच्या टपरीवर यूपीआय नेमकं तुमच्याच वेळी अडकू शकतं.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा अनेक पॅकेजमध्ये घुसवलेल्या असतात. रात्री तीनला उठून, जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्यांच्या ताफ्याने जायचं आणि तसंच परतायचं. जारवांचे फोटो काढणं, त्यांना खाऊ देणं हा गुन्हा आहे. मी तो दिवस काढून नीलला एक रात्र वाढवायला सांगेन.

परतीच्या बॅगेत वाळूवरून वेचलेले शंख आणि प्रवाळाचे तुकडे नकोत. मेलेला प्रवाळही नेता येत नाही, वन्यजीव कायदा त्यालाही लागू आहे आणि विमानतळावरच्या एक्सरेत तो लगेच दिसतो. शंखाच्या वस्तू घ्यायच्याच तर परवाना असलेल्या दुकानातून घ्या आणि बिल हातातल्या बॅगेत ठेवा. निघण्याआधी मुलांचे खिसेही तपासा.