थंडीतली मुंबईची हवा आणि घरात दम्याचं माणूस

चेंबूरला आमच्या शेजारी पुनर्विकास चालू आहे आणि आईला दमा. म्हणून डिसेंबर-जानेवारीत मी आधी हवेची स्थिती सांगणारं ‘समीर’ अ‍ॅप उघडते, मग चहा.

एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक; जितका जास्त तितकी हवा वाईट) ५१ ते १०० असला की अ‍ॅप ‘समाधानकारक’ म्हणतं. त्यावर जाऊ नका. पीएम २.५, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांसाठी १०० म्हणजे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम; जागतिक आरोग्य संघटनेची चोवीस तासांची मर्यादा १५ आहे. हे कण फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचतात, काही रक्तातही उतरतात. त्यामुळे खोकल्याइतकंच हृदयाकडेही लक्ष ठेवा. छातीत दुखलं की ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणून सोडा पीत बसू नका, डॉक्टर गाठा.

पहाटेचं फिरणं बंद. थंडीत धूर-धूळ सकाळी जमिनीलगत साचते. दुपारी खारा वारा सुटला की जा. खिडक्याही तेव्हाच उघडा. केर काढण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. उदबत्ती आणि डासांची कॉइल बंद (उदबत्तीवरून आमच्याकडे रीतसर भांडण झालं). ओढणीने हे कण अडत नाहीत. एन-९५ मास्क घ्या, नाकावरची पट्टी नीट दाबा. डॉक्टरांनी रोजचा पंप दिला असेल तर बरं वाटतंय म्हणून तो परस्पर थांबवू नका.